नदीकाठचे लांब टेबल

मळीचा वास आधी येतो. देवळाली प्रवरा मागे पडले आणि एसटीने कालव्यावरचा पूल ओलांडला, की तो खिडकीतून आत शिरतो आणि आपल्या शेजारी ऐसपैस बसतो. आंबट, गोड, जड. गुळाच्या भांड्यात ताक सांडून कोणीतरी ते उन्हात विसरून गेले असावे, असा. नव्या माणसाने नाकाला रुमाल लावावा आणि जुन्या माणसाने साखर कारखाना नीट चालला आहे म्हणून समाधान मानावे, असा तो वास. त्या हिवाळ्यात मी रुमालापासून समाधानापर्यंत पोचले. आजही कुठे त्याची नुसती चाहूल लागली, तरी कानात एक टकटक सुरू होते आणि डोळ्यांसमोर एक लांब सागवानी टेबल येऊन उभे राहते.

प्रवरेच्या काठी, बंधाऱ्यामागे पाणी जिथे पसरट आणि आळशी होते तिथे, एक दगडी सभागृह आहे. कधीकाळी ते मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगचे होते. मुली तिथे जेवत, शिकत, प्रार्थना म्हणत. पुढे बोर्डिंग बंद झाले, चर्चची नवी इमारत हमरस्त्यालगत उभी राहिली आणि हे सभागृह नदीकडे तोंड करून एकटे उरले. पुण्यातल्या एका लहानशा संस्थेने गावच्या चर्च-कमिटीकडून ते एका हिवाळ्यापुरते मागून घेतले. कलावंतांनी इथे येऊन राहावे, काम करावे आणि जाताना गावाला ते दाखवावे, अशी त्यांची कल्पना होती. पहिल्या तुकडीत आम्ही तिघे होतो: मालवणकडची, मातीची भांडी घडवणारी एक मैत्रीण, कोलकात्याचा एक तरुण चित्रकार, आणि कविता लिहिणारी मी.

मैत्रिणीने संस्थेच्या पत्रकात ‘किनाऱ्यावरचे कलाकेंद्र’ असे वाचून अर्ज केला होता. पहिल्या संध्याकाळी ती घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याशी गेली, पलीकडच्या उसाकडे बराच वेळ पाहत राहिली, आणि वर येऊन म्हणाली की एवढे पाणी तिच्या घरी पावसाळ्यात अंगणातच असते. दुसऱ्या सकाळी मात्र तिने काठची माती बोटांत चोळून पाहिली, जिभेच्या टोकाला लावून पाहिली, आणि त्यानंतर समुद्राचा विषय काढला नाही. नदीकडच्या खिडकीपाशी एक लांब टेबल ओढून नेऊन त्यावर ती माती मळू लागली. मातीचा ओला, थंड वास दिवसभर सभागृहात तरंगत असे, आणि दुपारी वारा फिरला की त्यात मळीचा वास येऊन मिसळे. त्या दोन वासांची जी काय मैत्री जमे, तिच्यासाठी मला अजून शब्द सापडलेला नाही.

चित्रकाराने रंगांची पेटी उघडलीच नाही. सभागृहाची कौले जागोजाग सरकली होती. त्यांतून उन्हाचे कवडसे खाली पडत, आणि तो हातात खडू घेऊन त्यांच्या मागे फिरे. सकाळी पश्चिमेच्या भिंतीशी असलेला कवडसा सरकत सरकत दुपारी मधोमध येई आणि संध्याकाळी पूर्वेच्या भिंतीवर चढे. हा थोड्या थोड्या वेळाने त्याची कडा खडूने आखून ठेवी. हळूहळू शहाबादी फरशीवर पांढऱ्या वर्तुळांच्या माळा उमटल्या, जणू ऊन तिथून अनवाणी चालत गेले होते.

माझ्यापाशी दाखवण्यासारखे काही नव्हते. कवितेला ना वास असतो, ना ती खिडकीत वाळत ठेवता येते. मी पायऱ्यांवर बसे, कापसासारखे हलके बगळे आणि उसाच्या ट्रॅक्टरांवरची कर्कश गाणी यांच्या मधली एखादी ओळ शोधे, आणि संध्याकाळी किल्ली परत करायला जाई.

किल्लीचा असा रिवाज होता. राहायच्या खोल्या मागच्या बाजूला होत्या आणि त्या आमच्या ताब्यात होत्या. पण सभागृहाची किल्ली बाईंची. बाई म्हणजे याच बोर्डिंगात शिकलेल्या आणि पुढे इथेच मुलींना शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सारे गाव त्यांना बाईच म्हणे. ज्यांना त्यांनी शिकवले तेही आणि ज्यांना कधी शिकवले नाही तेही. सकाळी मी त्यांच्या घरून किल्ली आणायची आणि दिवेलागणीला परत न्यायची. त्या ओसरीवर काहीतरी निवडत बसलेल्या असत. वर न पाहता हात पुढे करत, किल्ली पदराच्या टोकाला गाठ मारून बांधत, आणि तिथल्या ख्रिस्ती रीतीप्रमाणे म्हणत, “सलाम.” मीही सलाम म्हणून परत फिरे. आमचे संभाषण तेवढेच.

दुसऱ्या आठवड्यात मात्र बाईंनी मला थांबवले. गावातल्या खताच्या व्यापाऱ्याने सभागृह गोदामासाठी मागितले होते. तो भाडे देणार होता आणि वर छप्परही शाकारून देणार होता. छप्पर गळत होते आणि दुरुस्तीला कमिटीपाशी काही नव्हते. आमचा मुक्काम संपला की कमिटी बसणार आणि सभागृह कोणाला द्यायचे ते ठरवणार. बाईंचा शब्द कमिटीत कोणी मोडत नसे, हे मला ठाऊक होते. म्हणून मी सरळच विचारले की त्यांच्या मनात काय आहे.

बाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. “तुम्ही माणसं चांगली आहात, पोरी. पण दार लावून काम करता. दार लावायचंच असंल, तर मग खताच्या गोण्या काय वाईट? गोण्या भाडं तरी देतील.”

 आम्ही दार लावत होतो ते खरे होते: धूळ येई, शेळ्या येत, मातीला वारा लागला की तडे जात. पण त्या खिडक्या, पाण्याचे ते छताला हलणारे प्रतिबिंब, बोललेला शब्द क्षणभर स्वतःपाशी ठेवून मग परत देणाऱ्या त्या दगडी भिंती. तिथे युरियाच्या गोण्यांची थप्पी लागलेली मला दिसू लागली. मी म्हटले की मग आम्ही दार उघडू. सबंध गावाला बोलावू.

“उघडा,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या. “बघू, कोण येतंय.”

तेव्हापासून आमचा खुला दिवस हा केवळ शेवटचा दिवस राहिला नाही. त्या दिवशी गाव आले तर सभागृह वाचण्याची आशा होती. न आले तर गोण्या होत्या. निमंत्रण लिहिण्याचे काम अर्थात माझ्याकडे आले. मैत्रिणीचे म्हणणे होते की लोकांना नुसते बघायला बोलावले तर ते अवघडून दाराशीच उभे राहतील. त्यांच्याही हातात काहीतरी असू दे, ते आपण आपल्या कामाशेजारी मांडू. मला हे फार पटले. मी दोन दिवस त्या एका वाक्याशी झगडत होते. शब्द ठेवून पाहिले, काढून पाहिले, मोठ्याने म्हणून पाहिले, आणि शेवटी ते असे ठरले: रविवारी उपासनेनंतर, नदीकाठच्या जुन्या सभागृहात, आपल्या हातचं आणि आपल्या रानातलं काहीतरी घेऊन या.

चर्चच्या पाळकसाहेबांनी ते वाक्य आदल्या रविवारी उपासनेत वाचून दाखवले. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरूनही ते दोनदा पुकारले गेले. उपासनेला गेलेली मैत्रीण परत येऊन सांगू लागली की वाक्य ऐकताच सगळी मंडळी हलली. म्हातारी माणसे ताठ बसली, एकीने पदराने डोळे टिपले, आणि एक उंच काका तर मोठ्याने आमेन म्हणाले.  कविता लिहिणाऱ्या माणसाच्या मनात अशा वेळी काय उमलते, ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्या एका साध्या वाक्यात एवढी ताकद आहे, या जाणिवेने मी दोन दिवस जमिनीपासून थोडी वर चालत होते.

शनिवारी बाई स्वतः सभागृहात आल्या. आम्ही सजवलेल्या कशाकडेही न बघता त्या थेट खिडकीपाशी गेल्या आणि मातीने माखलेल्या त्या लांब टेबलावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या. हे पुढे घ्यायचे, म्हणाल्या. जिथे होते तिथे, दारासमोरच्या भिंतीशी. मैत्रीण म्हणाली की मग तिची भांडी कुठे मांडायची. बाईंनी सांगितले की मडक्यांना जमीन चालते, या टेबलाला मात्र जागा बदललेली चालत नाही. आम्ही तिघांनी ते उचलून पुढे नेले आणि धुऊन काढले. मातीखालून सागाचा जुना, मधाच्या रंगाचा पृष्ठभाग वर आला आणि बाईंच्या चेहऱ्यावर असे काहीतरी आले, जे मला तेव्हा वाचता आले नाही.

रविवारची सकाळ लख्ख होती. नाताळ नुकताच होऊन गेला होता आणि वस्तीतल्या घरांवर कागदी चांदण्या अजून लटकत होत्या. दोन्ही दारे आम्ही सताड उघडून ठेवली. पश्चिमेच्या कोपऱ्यात मैत्रिणीने आपली भांडी मांडली होती. उसाच्या पाचटाच्या भट्टीत भाजलेली, अंगावर धुराचे काळे ढग घेऊन आलेली. मधोमध मोठा रांजण होता, तिच्या दीड महिन्यातले सगळ्यात चांगले काम; तो मुंबईच्या प्रदर्शनात जायचा होता. चित्रकार आपल्या वर्तुळांच्या माळांपाशी नवा शर्ट घालून उभा होता. मी दाराजवळ एक छोटे स्टूल घेऊन बसले होते आणि समोर जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे होते, त्यांच्या कोऱ्या पाठींवर लिहिण्यासाठी. येणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी मी तिथल्या तिथे एक ओळ लिहिणार होते. ही माझी खुली कार्यशाळा.

बराच वेळ फक्त वारा येत-जात राहिला. मग रस्त्याच्या बाजूने ढोलकी ऐकू आली, तिच्यामागून झांजा, त्यांच्यामागून गाणे. आणि वळणावरून माणसांची एक लांबलचक रांग सभागृहाकडे येऊ लागली. एकाच्या खांद्यावर उसाची मोळी होती, कोणाच्या डोक्यावर लाल भोपळा. मुलांच्या हातांत हरभऱ्याचे ढाळे, एका आजोबांच्या काखेत तांबडा कोंबडा, बायकांच्या पदरांत बोरे, लसूण, ओल्या शेंगा. चर्चची मंडळी होतीच, पण पलीकडच्या वस्तीवरच्या शेतकऱ्यांची घरेही भोंगा ऐकून निघाली होती. त्यांनी कांद्याची गोणी आणि बाजरीची कणसे आणली होती. सर्वांत शेवटी एक वाकलेली आजी आली. तिच्या ओंजळीत एकच अंडे होते आणि ती ते पेटती पणती न्यावी तशी सांभाळून आणत होती.

प्रत्येकाने आत येऊन आपली वस्तू लांब टेबलावर ठेवली. मी हरखून गेले. टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत मी लिहीत सुटले. भोपळ्याला लिहिले: ‘वेल म्हणाली, एवढं ओझं मी कसं उचलू? जमीन म्हणाली, दे इकडे.’ लसणाला लिहिले: ‘इतक्या पाकळ्या, तरी कोणी फूल म्हणत नाही.’ कोंबड्याच्या पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली: ‘सूर्य याच्याशिवायही उगवला असता, पण कळलं कुणाला असतं?’ आणि अंड्याखाली एक कार्ड सरकवले: ‘आत कोण आहे, ते दार उघडल्याशिवाय कळत नाही.’

एवढे होईतो मंडळी सतरंज्यांवर बसली होती. सगळ्यांची तोंडे टेबलाकडे आणि पाठी आमच्या कामाकडे होत्या. मला वाटले, आता उठतील, फिरतील, बघतील. कोणी उठले नाही. सगळे कशाची तरी वाट पाहत होते, आणि काय ते आम्हा तिघांखेरीज सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

मग ते उंच काका उठले. आयुष्यभर एसटीत कंडक्टर असलेले, आता निवृत्त. त्यांनी खिशातून तिकिटे टोचायचा जुना लोखंडी पंच काढला आणि टेबलावर तीनदा आपटला. टक. टक. टक. सभागृहभर एक सुखाची कुजबुज पसरली. काकांनी भोपळा दोन्ही हातांनी वर उचलला, चिठ्ठीवरची माझी ओळ खणखणीत आवाजात वाचली, आणि पहिली बोली मागितली.

मी शेजारी बसलेल्या काकूंना हलकेच विचारले की हे काय चालले आहे. त्यांनी माझ्याकडे लहान मुलीकडे बघावे तसे पाहिले. हंगामाचा सण, म्हणाल्या. पिके निघाली की आपल्या हातचे, आपल्या रानातले देवाला आणायचे आणि उपासना झाली की याच सभागृहात, याच टेबलावर त्याचा लिलाव करायचा. येईल ते चर्चच्या कामाला. आजा-पणज्यापासून चालत आलेले. नवी इमारत झाली तसे लोक पाकीट देऊ लागले. पाकिटाचा कुठे लिलाव करणार? तसा तो बंदच पडला होता. “तुमीच बोलावलं की, ताई. पाळकांनी वाचलं, आपल्या हातचं, आपल्या रानातलं. आमी समजलो.”

दोन दिवस घासूनपुसून घडवलेले माझे वाक्य म्हणजे त्यांच्या सणाची जुनी हाळी निघाली, जवळजवळ शब्दाला शब्द. लोक माझ्या कवितेला आले नव्हते. आमची कामे बघायलाही आले नव्हते. चूक झाली आहे असे उभे राहून सांगावे का, हा प्रश्न मला एकदा चाटून गेला. मैत्रीण आणि चित्रकार दोघेही माझ्याकडे पाहत होते. मी पुढे नजर टाकली. पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या. एक हात टेबलाच्या पायावर ठेवून, डोळे मिटून, प्रत्येक बोलीला मान हलवत. मी दोघांना खुणेने सांगितले की बसा.

बोली कितीपर्यंत चढली हे सांगण्यात मजा नाही. मजा काकांच्या तोंडात होती. त्यांनी मागच्यांना पुढे सरकायला सांगितले, कारण पुढे गाडी रिकामी होती. सोसायटीचे चेअरमन चाचरत चाचरत बोली लावू लागले, तेव्हा काका म्हणाले, “चेअरमन, हे हाफ तिकीट झालं. पोरगं आणलंय का सोबत?” सगळे हसले आणि चेअरमनना शरमेखातर लसणाची अख्खी जुडी घ्यावी लागली. तिथल्या रिवाजात आणखी एक गंमत होती. जिंकलेली वस्तू घरी नेण्याची घाई कोणालाच नसे. भोपळा घेतलेल्या माणसाने तो काखेत मारला, चार पावले मिरवला आणि पुन्हा टेबलावर नेऊन ठेवला. काकांनी तो पुन्हा विकला. प्रत्येक वेळी माझी ओळ पुन्हा वाचली जाई. माझी कोणतीही ओळ इतक्या वेळा, इतक्या मोठ्याने, इतक्या लोकांसमोर आजवर वाचली गेलेली नाही.

चित्रकाराला मराठी येत नव्हते. मागे मुलांनी त्याच्या खडूच्या वर्तुळांवर ठिकरी खेळायला घेतली होती. एका पायावर उड्या मारत ती उन्हाच्या वाटेने सकाळपासून संध्याकाळकडे जात होती. तो हे पाहून इतका खूश झाला की त्याने हात उंच करून त्यांना शाबासकी दिली. त्याच क्षणी टेबलावर टक झाले. “कोंबडा बंगालला,” काकांनी जाहीर केले. तो पक्षी त्याच्या कुशीत येऊन पडला आणि नव्या शर्टावर त्याने जे करायचे ते केले. चित्रकाराने माझ्याकडे वळून हिंदीत एवढेच विचारले की हा आता त्याला गाडीत सोबत न्यावा लागेल का. मी रिवाज समजावला, तेव्हा त्याने सुटकेचा श्वास टाकून कोंबडा परत टेबलावर ठेवला. पण थोड्याच वेळात, आता समजून-उमजून, पुन्हा हात वर केला.

टेबल रिकामे होत आले तसे काका चालत आमच्या कोपऱ्याकडे गेले. आपल्या हातचे म्हणजे आपल्या हातचे; पाहुण्यांच्या हातचेही त्यात आले. त्यांनी मोठा रांजण उचलला. मैत्रीण ताडकन उभी राहिली. आता ही थांबवणार, असे मला वाटले. मुंबईत त्या रांजणाची वाट पाहिली जात होती. तिने घसा साफ केला आणि स्वतःच्याच रांजणावर बोली लावली.

पलीकडच्या वस्तीवरच्या एका मावशींनी तिच्यावर बोली चढवली. मैत्रिणीने आणखी चढवली, मावशींनी त्याहून. मैत्रीण कळकळीने म्हणाली, “मावशी, ह्यात लोणचं घालू नका हां. झिरपेल.”

“मग बाजरी ठेवीन,” मावशी म्हणाल्या. “तू बोली बोल की.”

मैत्रीण हरली. मावशी पुढे आल्या, रांजणाला दोन्ही हातांची मिठी घातली, गालापाशी नेऊन त्याचा थंडावा घेतला. मग त्यांनी मैत्रिणीकडे पाहिले आणि रांजण टेबलावर परत ठेवला. पोरीचा जीव त्यात आहे, म्हणाल्या. काकांनी पुन्हा बोली मागितली. या वेळी मैत्रिणीवर कोणी चढले नाही. सारे सभागृह मुद्दाम छताकडे पाहत होते. टक झाले. तिने रांजण उचलला, दाराच्या उजेडात नेऊन एकदा नीट पाहिला, आणि आणून मावशींच्या हातांत दिला. “बाजरी ठेवा,” ती म्हणाली. मुंबईला काय कळवायचे ते ती त्यानंतर रात्रीपर्यंत ठरवत होती आणि एकदाही तिने कपाळाला आठी घातली नाही.

शेवटी टेबलावर अंडे तेवढे उरले. ते सर्वांत शेवटी घेतात आणि ते कोणी घरी नेईपर्यंत सण संपत नाही, हे मला काकूंकडून कळले. आणि ते घरी न्यायला कोणी तयार नव्हते. चेअरमननी घेतले, परत ठेवले. पाळकसाहेबांनी घेतले, परत ठेवले. ते आणणाऱ्या आजीने स्वतःच घेतले, खुदकन हसली, आणि परत ठेवले. घेणाऱ्याने कार्डावरची ओळ मोठ्याने वाचायची असे आपोआप ठरून गेले होते. मग वाचायची गरजच उरली नाही. काकांनी ‘आत कोण आहे’ म्हटले की सतरंज्यांवरून उत्तर उठे, ‘ते दार उघडल्याशिवाय कळत नाही’. आणि मागे ठिकरी खेळणारी मुले त्यावर ताल धरून उड्या मारत. भिंतींनी ते शब्द क्षणभर स्वतःपाशी ठेवले आणि परत दिले. मी दाराजवळच्या माझ्या स्टुलावर बसून होते. कवितेला वास नसतो असे मला वाटत असे. त्या दुपारी तिला लसणाचा, ओल्या हरभऱ्याचा, घामाचा, झांजांच्या पितळेचा आणि मळीचा वास येत होता.

कवडसे पूर्वेच्या भिंतीवर चढले. काकांनी पंच खाली ठेवला आणि पहिल्या रांगेकडे पाहिले. “बाई,” ते आवाज उतरवून म्हणाले, “शेवटची गाडी हाय.”

बाई उठल्या. त्यांनी जी बोली लावली तिच्यावर बोलण्याची कोणाची छाती नव्हती. काकांनी रीतीप्रमाणे एक वार म्हटले, दोन वार म्हटले, सगळ्या सभागृहावरून सावकाश नजर फिरवली आणि मग तिसऱ्यांदा न म्हणता पंच उचलून अगदी हळू टेकवला. टक. बाईंनी अंडे घेतले. सारे श्वास रोखून बघत होते. त्यांनी ते टेबलावर परत ठेवले नाही.

आज आलेले सगळे या छपराला लागेल, असे बाईंनी शिकवण्याच्या आवाजात सांगितले आणि कमिटीची माणसे बसली होती तिकडे पाहिले. कमिटीने मान डोलावली. मग, अंडे हातात तसेच धरून, त्या पश्चिमेच्या कोपऱ्याकडे गेल्या आणि मैत्रिणीची भांडी एकेक करून पाहू लागल्या. धुराच्या डागांवरून बोट फिरवून त्यांनी पाचट कोणत्या रानातले तेही विचारले. त्या उठल्या तसे गाव उठले. आमची खुली कार्यशाळा खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाली, दिवस मावळताना. खडूच्या वर्तुळांपाशी बाई थबकल्या. चित्रकाराने मला विचारायला सांगितले की छप्पर दुरुस्त झाल्यावर कवडसे पडायचे कुठून. मी ते मराठीत सांगितले. बाईंनी मान वर करून कौलांकडे बराच वेळ पाहिले, आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिले.  सभागृहाचे काय ठरले, हे मात्र कोणी बोलले नाही, आणि मला विचारण्याचे धैर्य झाले नाही.

सगळे गेल्यावर आम्ही सतरंज्या झटकल्या, टेबल पुसले, दारे ओढली. दिवेलागणीला मी नेहमीप्रमाणे किल्ली घेऊन निघाले. वाटेत पाचटाचा धूर खाली उतरला होता आणि घरोघरीच्या चांदण्यांत दिवे लागले होते. माझी मूठ किल्लीभोवती रोजच्यापेक्षा घट्ट होती. ही द्यायची, सलाम म्हणायचे, आणि सकाळची गाडी पकडायची. त्यानंतर तिथे काय भरले जाईल ते दुसऱ्याच कोणाकडून तरी कळणार.

बाई ओसरीवर बसल्या होत्या. त्या दिवशी त्या काही निवडत नव्हत्या. मी किल्ली पुढे केली. त्यांचा हात पुढे आला नाही. पदराच्या ज्या टोकाला ती रोज बांधली जाई, तिथे आधीच एक गाठ होती आणि गाठीत अंडे होते. त्या पांढऱ्या गोलाव्यावर त्यांनी दोन्ही तळवे ठेवले होते.

 मी विचारले, “बाई, किल्ली कुठं ठेवू?”

त्यांनी वर पाहिले.

“तुझ्याकडंच.”